हुगळीकाठचे सहा आठवडे

१८८३ सालातले फक्त सहा आठवडे डोळ्यांपुढे आणा. २४ फेब्रुवारी ते ७ एप्रिल, मोजून ४२ दिवस.

पहिल्या दिवशी कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावरच्या श्रीरामपुरात एक मराठी मुलगी कॉलेजच्या सभागृहात बोलायला उभी राहते. वय १७. आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेला का निघालो आहोत, हे ती समोरच्या श्रोत्यांना इंग्रजीत समजावून सांगते. त्यानंतरच्या मार्चमध्ये कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला माणसांची रीघ लागते, कारण यंदा दोन मुली बी.ए. झालेल्या असतात. आणि शेवटच्या दिवशी, ७ एप्रिलला, श्रीरामपूरची ती मराठी मुलगी बोटीत पाऊल ठेवते. बोटीचे नावसुद्धा ‘सिटी ऑफ कलकत्ता’.

मराठी मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. बी.ए. झालेल्या दोघी म्हणजे कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू. त्यांचा गौरव ज्या सिनेट हाऊसमध्ये झाला, तिथेच पाच वर्षांपूर्वी आणखी एका मराठी मुलीला विद्वानांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले होते. आत गेली तेव्हा ती रमाबाई डोंगरे होती; पुढे जगाने तिला ओळखले ते पंडिता रमाबाई सरस्वती म्हणून.

शाळेच्या पुस्तकात ही नावे आपल्याला सुटी सुटी भेटतात. आनंदीबाई म्हणजे कल्याण, पुणे आणि अमेरिका. रमाबाई म्हणजे शारदा सदन आणि केडगाव. कादंबिनी तर बंगालच्या, त्यांचे नाव आपल्याकडे कितीजणांना ठाऊक असते? पण कोलकात्याचा नकाशा पसरून या चौघींच्या तारखा त्यावर मांडल्या की अंगावर काटा येतो. पाच वर्षांच्या आत, एकाच नदीच्या काठी, चार तरुण मुलींनी चार वेगवेगळी दारे ठोठावली. त्यातली तीन उघडली, एक बंद राहिले, आणि ते बंद दारही पुढच्या काही महिन्यांत उघडले.

सुरुवात रमाबाईंपासून करू. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरला, गावाचा विरोध झाला, तेव्हा ते संसार घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून लेकीला संस्कृत शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री. दोघे पायी, उपाशीतापाशी, उत्तरेपर्यंत देश तुडवत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. रमाबाई तेव्हा २० वर्षांच्या होत्या, आणि अविवाहित. त्या काळी ब्राह्मणाच्या मुलीने विशीपर्यंत बिनलग्नाचे राहणे हीच मोठी खळबळ होती.

शहरात बातमी पसरली की एक दक्षिणी मुलगी ओघवत्या संस्कृतात बोलते. विद्वानांनी तिला सिनेट हाऊसमध्ये बोलावले. परीक्षा घेणाऱ्यांत संस्कृत कॉलेजचे प्राचार्य महेशचंद्र न्यायरत्न होते, प्रेसिडेन्सी कॉलेजचे टॉनी साहेब होते. प्रश्न संस्कृतात, उत्तरे संस्कृतात. जी भाषा स्त्रीने शिकू नये असे शास्त्र सांगत होते, त्याच भाषेत शास्त्र जाणणाऱ्यांपुढे एक मुलगी उभी होती. परीक्षा संपली आणि पंडितांनी तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. ‘पंडिता’ हे बिरुदही तिला याच शहराने दिले.

पण त्या कोलकात्याने रमाबाईंना पदवीपेक्षाही मोठे काही दिले, आणि ते त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे. ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या घरी त्या गेल्या तेव्हा केशवबाबूंनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली आणि वाचा म्हणाले. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, हे रमाबाई तोवर धरून चालल्या होत्या. आणखी एका प्रसंगी भावाबहिणींना ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्याचे बोलावणे आले. तिथे प्रार्थनेच्या वेळी सगळे जण खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बसले. मूर्ती तर कुठे दिसेना. तेव्हा हे लोक खुर्चीचीच पूजा करतात असे त्या दोघांना वाटले! रानात वाढलेली, तीर्थे पायाखाली घातलेली ही मुलगी किती नव्या जगात येऊन पडली होती, ते या एका दृश्यात दिसते.

त्यानंतरचा प्रसंग फार महत्त्वाचा. कोलकात्यातल्या पंडितांनी त्यांना विनंती केली की पडद्यातल्या स्त्रियांना धर्मशास्त्राप्रमाणे स्त्रीची कर्तव्ये समजावून सांगा. व्याख्यानासाठी तयारी हवी, म्हणून रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला बसल्या. तोवर त्यांची विद्या पुराणे, काव्य, व्याकरण यांतली. आता वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की हे ग्रंथ बाकी शंभर गोष्टींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. बायकांना कर्तव्य शिकवायला उघडलेल्या पोथीतून शिकवणारीचेच डोळे उघडले. पुढची सगळी रमाबाई त्या वाचनातून उभी राहिली.

नेमक्या त्याच वर्षी, १८७८ मध्ये, कोलकाता विद्यापीठाने मुलींना परीक्षेला बसू द्यायचे ठरवले. हे दार तुलनेने सहज का उघडले, ते समजून घेण्यासारखे आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. ते स्वतः शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. वर्ग कॉलेजांत भरायचे. विद्यापीठाकडे प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि निकाल. त्यामुळे मुलींना आत घ्यायचे म्हणजे मुलांच्या शेजारी बाकावर बसवायचे, हा वाद इथे उद्भवतच नव्हता. उत्तरपत्रिका स्वीकारायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो एका ठरावाने सुटत होता. लंडन विद्यापीठानेही पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या त्या १८७८ मध्येच. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी द्यायला १९२० उजाडले, केंब्रिजने १९४८.

ठराव मात्र आपोआप झाला नाही. डेहराडूनला वाढलेल्या चंद्रमुखी बसू १८७६ मध्येच प्रवेश परीक्षेत यशस्वी झाल्या होत्या, पण मुलगी म्हणून विद्यापीठाने त्यांना उत्तीर्णांच्या यादीत धरायला नकार दिला. उत्तरे बरोबर होती, नाव चालत नव्हते. कोलकात्यातले ब्राह्म समाजाचे सुधारक, त्यातही शिक्षक आणि पत्रकार द्वारकानाथ गांगुली, यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. दार उघडल्यावर १८७८ च्या प्रवेश परीक्षेत कादंबिनी उत्तीर्ण झाल्या. पहिला वर्ग हुकला तो एका गुणाने.

आता त्यांना पुढे शिकवणार कोण? १८४९ पासून चाललेली बेथून साहेबांची मुलींची शाळा कोलकात्यात होती. या शाळेत १८७९ मध्ये कॉलेजचे वर्ग सुरू झाले आणि सुरुवातीला त्यात विद्यार्थिनी एकच, कादंबिनी बसू. एका मुलीसाठी कॉलेज! आज पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद होताना आपण पाहतो, तेव्हा ही गोष्ट दोनदा वाचावीशी वाटते. बी.ए.च्या वर्गात चंद्रमुखी येऊन मिळाल्या, आणि १८८३ च्या त्या मार्चमध्ये दोघींची नावे पदवीधरांत आली. पुढच्याच वर्षी चंद्रमुखी एम.ए. झाल्या आणि नंतर त्याच बेथून कॉलेजच्या प्रमुखपदी बसल्या.

इकडे आनंदीबाई कोलकात्याला कशा आल्या? टपाल खात्यामुळे. त्यांचे पती गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते आणि बदलीच्या हुकुमाबरोबर संसार हलत होता: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि १८८१ मध्ये कोलकाता. नवव्या वर्षी लग्न झालेल्या, चौदाव्या वर्षी जन्मलेले बाळ दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीला नवरा शिकवत होता. तो हट्ट मारहाणीपर्यंत जाई, हे आनंदीबाईंनीच पुढे अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. गोपाळरावांनी कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर लागायची वाट बघत असताना वाचले आणि कागद-लेखणी घेतली. तिथून जी पत्रे सुरू झाली, त्यांत न पाहिलेल्या त्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. पोस्टाच्या पिशवीतून, समुद्रापलीकडून, एक मावशी मिळाली.

कोलकात्यातले दिवस सोपे नव्हते. हवा मानवेना, डोके दुखे, ताप येई. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या तरुण बाईकडे लोक टक लावून बघत, टोमणे मारत. पुढे बदली श्रीरामपूरला झाली. या गावाशी मराठीचे जुने नाते आहे: विल्यम कॅरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये छापले ते इथल्याच मिशन प्रेसमध्ये, आणि कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेल्या कॉलेजातच आनंदीबाई बोलायला उभ्या राहिल्या.

त्या भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. लोक त्यांना जे जे विचारत होते, त्याचे त्यांनी सरळ सहा प्रश्न केले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेला का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? काही संकट आले तर? आणि जे कुठल्याच बाईने केले नाही ते तूच का करतेस? पहिल्याच उत्तरात त्यांनी मुद्द्याला हात घातला: या देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगता न आल्याने बायका मरत होत्या. त्यांचे स्वतःचे बाळही गेले होते. शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलताना त्यांनी मद्रासच्या कॉलेजचा आणि इलाख्या-इलाख्यातल्या सुईणींच्या वर्गांचा उल्लेख केला आणि ते शिक्षण अपुरे आहे, शिकवणाऱ्यांचे मनही मोकळे नाही, असे स्पष्ट सांगितले. धर्माबद्दल शंका घेणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. सतरा वर्षांची ही मुलगी कुणाची परवानगी मागत नव्हती. विचार पक्का झालेला होता, ती त्याची कारणे सांगत होती.

त्या भाषणात एक दार अदृश्यपणे उभे आहे. श्रीरामपूरपासून तासाभराच्या आगगाडीच्या अंतरावर, सिनेट हाऊसच्या अगदी शेजारी, १८३५ पासूनचे कलकत्ता मेडिकल कॉलेज होते. ते मुलींना घेत नव्हते. बंगालच्या अबला दास यांना त्याच सुमारास वैद्यकीसाठी मद्रास गाठावे लागले होते ते याच कारणाने. इथे विद्यापीठाच्या त्या ठरावाचा उपयोग नव्हता. डॉक्टरकी उत्तरपत्रिकेवर होत नाही. त्यासाठी वर्गात बसावे लागते, शवविच्छेदन करावे लागते, वॉर्डात रोग्याजवळ उभे राहावे लागते, आणि तिथे मुलगी नको, असे शिकवणाऱ्यांचे म्हणणे होते.

आनंदीबाई सोन्याच्या बांगड्या विकून निघाल्या. ७ एप्रिलला सुटलेला प्रवास ४ जूनला न्यूयॉर्कला संपला, ५८ दिवसांनी. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. आणि कोलकात्यात? त्याच १८८३ सालात बंगाल सरकारने मेडिकल कॉलेजच्या वरिष्ठांचा विरोध बाजूला सारला आणि कादंबिनींना प्रवेश मिळाला. जूनमध्ये त्यांनी द्वारकानाथ गांगुलींशी लग्न केले होते, म्हणजे एका विवाहित स्त्रीने ते दार उघडून घेतले. आनंदीबाईंची बोट सुटली त्यानंतर काही महिन्यांतच!

रमाबाईही त्याच वसंतात मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. मधल्या पाच वर्षांत त्यांनी भाऊ गमावला होता, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून नोंदणी विवाह केला होता, लेक मनोरमा झाली होती, आणि दोन वर्षांच्या आत नवराही पटकीने गेला होता. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली: बायकांना शिकवायला शिक्षिका हव्यात, बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात. म्हणजे श्रीरामपूरच्या सभागृहात आनंदीबाई जे बोलल्या, तेच काही महिने आधी पुण्यात रमाबाईंनी सरकारला सांगितले होते.

मग १८८६ उजाडले. ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या पदवीदानात नऊवारीतल्या आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्यांनी प्रबंध लिहिला होता आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. सभागृहात त्यांचे कौतुक बघायला इंग्लंडहून मुद्दाम आलेली एक बाई बसली होती: पंडिता रमाबाई, नात्याने त्यांच्या दूरच्या बहीण. एकीने हुगळीकाठी पंडितांना उत्तरे दिली, दुसरीने श्रीरामपूरकरांना. आणि दोघी एकत्र आल्या त्या सातासमुद्रापार. त्याच १८८६ मध्ये कादंबिनींनीही कोलकात्यात शिक्षण पुरे केले. एका विषयात परीक्षकाने उत्तीर्ण न केल्याने एम.बी. ऐवजी जी.बी.एम.सी. ही पदविका त्यांना मिळाली, पण प्रॅक्टिस करण्याचा अधिकार मिळाला.

यापुढची गोष्ट सांगताना घसा दाटतो. आनंदीबाई क्षयाने पोखरलेल्या परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक वाट बघत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर मावशींच्या कुटुंबाच्या जागेत विसावल्या.

कादंबिनींना दीर्घ आयुष्य मिळाले आणि ते त्यांनी कामात घातले. १८८८ मध्ये त्या लेडी डफरिन इस्पितळात ३०० रुपये पगारावर लागल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्याच वर्षी एका पत्रात त्यांच्याबद्दल नवलाने लिहिले की ही बाई शिकत असताना बाळंत झाली आणि फक्त तेरा दिवस कॉलेज चुकवले. १८९१ मध्ये ‘बंगबासी’ या पत्राने त्यांच्या चारित्र्यावर गलिच्छ चिखलफेक केली, तेव्हा पतिपत्नी कोर्टात गेले आणि संपादकाला सहा महिन्यांचा तुरुंगवास घडवला. १८९३ मध्ये त्या स्कॉटलंडला जाऊन आणखी पदव्या घेऊन आल्या. ३ ऑक्टोबर १९२३ ला त्यांचे निधन झाले, ते त्या दिवशीची शस्त्रक्रिया उरकून घरी आल्यावर.

या चौघींपैकी एकीचेही यश कमी न करता एक गोष्ट म्हणता येते: एकटीने कुणीच दार उघडले नाही. चंद्रमुखींना नाकारले म्हणून झगडा झाला आणि कादंबिनींना परीक्षा देता आली. कादंबिनी एकट्या होत्या म्हणून कॉलेजचा वर्ग निघाला आणि चंद्रमुखींना त्यात बसता आले. लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवले म्हणून रमाबाई पंडितांपुढे टिकल्या. आणि आनंदीबाईंचे अर्धवट राहिलेले काम कुठे गेले, हे पाहायचे तर एक तारीख ध्यानात ठेवा.

११ मार्च १८८९ ला, आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती कोकणातली गोदूबाई. चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, तिने पुण्यात पुनर्विवाह केला. नवरदेव होते धोंडो केशव कर्वे, ज्यांनी पुढे हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभे केले.

वास्तुविशारद ग्रॅनव्हिल यांनी बांधलेले सिनेट हाऊस १९६० मध्ये पाडले गेले. त्या जागी आज विद्यापीठाची शताब्दी इमारत आहे. कोलकात्याला गेलात आणि कॉलेज स्ट्रीटवर पुस्तके चाळायला थांबलात, तर रस्ता ओलांडून त्या इमारतीपुढे दोन मिनिटे उभे राहा, मग मेडिकल कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जा. पाच मिनिटे पुरतात. १८७८ मध्ये एका मुलीचे संस्कृत जिथे तपासले गेले तिथून, १८८३ मध्ये दुसरीला अखेर आत घेतले गेले तिथपर्यंतचे ते अंतर आहे.